विमानवाहू नौकेची धावपट्टी तिरकी का असते?

सागरिका_म
नमस्कार मंडळी,
माझी भाची ओवी सहावीत आहे. शाळेच्या प्रदर्शनासाठी ती पुठ्ठ्याची आयएनएस विक्रांत करतेय. नवी विक्रांत, २०२२ साली कोचीत नौदलात दाखल झालेली, २६२ मीटर लांबीची. तिनं मधोमध काळी धावपट्टी रंगवली, पुढचं टोक वर उचललं, उजव्या कडेला काडेपेटीचा मनोरा चिकटवला. मग फोटोशी ताडून बघितलं आणि हिरमुसली. फोटोत उतरायची पट्टी मधोमध नाहीच. मागून उजवीकडून निघून डावीकडच्या कडेला बाहेर पडते. "मावशी, जहाज सरळ चाललंय आणि विमान तिरकं उतरतंय, असं का?"

मला नीट सांगता येईना. खरं तर हा प्रश्न माझाही जुनाच. मुंबईत जुन्या विक्रांतचं संग्रहालय होतं तेव्हा बाबा मला घेऊन गेले होते. डेकवरची ती तिरकी पांढरी रेघ पायाखालून जाताना मी विचारलं होतं, रंगवणाऱ्याचं चुकलं का? बाबांनाही ठाऊक नव्हतं. ते आता नाहीत, पण प्रश्न अजून आहे. या आठ-नऊ अंशांनी नेमकं काय साधतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. ओवीला वाचून दाखवणार आहे.

चकली
धागा छान. वाचतेय.

यंत्रवेडा
सागरिकाताई, ओवीला सांगा की प्रश्न अगदी योग्य जागी लागलाय. विमानवाहू नौकेच्या शंभर वर्षांत मला सर्वांत आवडलेली कल्पना हीच. सविस्तरच लिहितो.

आधी डेक सरळ असायचा. मागच्या भागात आडव्या तारा ताणलेल्या. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एकीत अडकायचा आणि विमान थांबायचं. उतरलेली विमानं पुढे नेऊन नाकाडाशी दाटीवाटीनं उभी करायची. म्हणजे उतरणाऱ्या वैमानिकासमोर तारा, तारांपुढे अडसराची जाळी, आणि जाळीपलीकडे इंधन भरलेली विमानं आणि माणसं. सगळ्या तारा चुकल्या तर जाळीत घुसायचं. जाळीवरूनही उसळी मारली तर पुढचं सांगायला नको.

पंख्याच्या विमानांच्या काळात हे कसंबसं निभावलं, कारण ती हळू यायची. डेकच्या कडेला उभा असलेला अधिकारी हातातल्या फळ्यांनी खूण करायचा की वैमानिक इंजिन बंद करायचा आणि विमान अलगद खाली बसायचं. पण ३ डिसेंबर १९४५ला ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी एचएमएस ओशन या नौकेवर सी व्हॅम्पायर उतरवलं, विमानवाहू नौकेवर उतरलेलं पहिलं जेट. तिथून हिशेब बदलला. जेट जड, वेग जास्त. शिवाय तेव्हाच्या जेट इंजिनाला थ्रॉटल ढकलल्यावर पूर्ण जोर यायला काही सेकंद लागत. एकदा इंजिन मंद केलं की पुन्हा उडायचा मार्ग बंद.

ब्रिटिशांनी आधी भलताच उपाय करून बघितला. एचएमएस वॉरियरवर रबराचा डेक अंथरला आणि चाकं न उघडता विमान पोटावर उतरवायचं! याही चाचण्या ब्राउन यांनीच केल्या. उतरणं जमलं, पण चाकं नसलेलं विमान तिथून हलवणार कसं? क्रेननं उचलेपर्यंत मागचं विमान घिरट्या घालणार. हा घोळ सोडवायला ऑगस्ट १९५१मध्ये बैठक झाली, तेव्हा कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी सुचवलं की उतरायची दिशाच डावीकडे थोडी वळवू. लुईस बॉडिंग्टन या अभियंत्यानं ती कल्पना उचलून धरली.

आता गंमत बघा. पट्टी वळवल्याबरोबर वैमानिकासमोर जाळी नाही, उभी विमानं नाहीत. समोर फक्त डेकची कड आणि तिच्यापुढे समुद्र. तारा चुकल्या? चुकू देत. चाकं टेकताच इंजिन पूर्ण जोरात, म्हणजे तार न मिळाल्यास विमान तसंच उडून जातं आणि फेरी मारून परत येतं. याला बोल्टर म्हणतात.

कुंदा_काकू
चाकं टेकल्यावर इंजिन पूर्ण जोरात? थांबायचं असताना? हे उलटं वाटतंय. जरा उलगडून सांगा ना.

यंत्रवेडा
काकू, बरोबर वाचलंत. थांबवायचं काम तारेचं. वैमानिकानं मनात धरायचं की तार मिळालेलीच नाही. तारेनं खरंच धरलंय हे जाणवल्यावरच थ्रॉटल मागे. नव्या विक्रांतवर मिग-२९के उतरलं तेव्हा नौदलानं आकडा दिला होता, ताशी २४० किलोमीटरवरून शून्यावर अडीच सेकंदांत. एवढ्या वेळात विचार करून निर्णय घेणं शक्य नाही, म्हणून निर्णय आधीच घेऊन ठेवायचा.

रूळकरी
उत्तम माहिती. आमच्या कर्जत-लोणावळा घाटात कॅच सायडिंग असतात, त्यांची आठवण झाली. उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर मुख्य मार्ग सोडून तिला बाजूच्या चढाच्या रुळावर घालायचं. तोच विचार ना, संकटाला बाजूला वाट काढून देणं?

दर्यावर्दी
रूळकरी, अर्धा तोच. तुमच्या सायडिंगवर गेलेली गाडी तिथेच थांबते आणि मग चौकशी होते. बोल्टर झालेलं विमान चार-पाच मिनिटांत परत येऊन उतरतं. चुकलेलं उतरणं तिथल्या तिथे उड्डाण होतं, हाच तर मुद्दा आहे.

मी मालवणचा, नौदलातून निवृत्त. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुन्या विक्रांतवर डेक हँडलिंगला होतो. आमची विक्रांत मुळात एचएमएस हर्क्युलिस. १९४५ला पाण्यात सोडली, युद्ध संपलं म्हणून अर्धवटच ठेवली. १९५७मध्ये भारतानं घेतली आणि बेलफास्टला पुरी करताना तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट (विमानाला झटक्यात पुढे फेकून उडवणारं यंत्र) आणि उतरायचा आरसा, तिन्ही नव्या गोष्टी तिच्यावर बसवून घेतल्या. ४ मार्च १९६१ला ती नौदलात आली. कल्पना सुचल्यापासून दहा वर्षांच्या आत ती आपल्या जहाजावर होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

एक संध्याकाळ सांगतो. अलिझे, म्हणजे आमचं पंख्याचं विमान, परत येत होतं. जहाजाचा मागचा भाग चांगलाच खालीवर होत होता. आम्ही पट्टीच्या कडेच्या रेघेबाहेर दबा धरून. ती रेघ ओलांडायची नाही आणि ताणलेल्या तारेच्या टप्प्यात उभं राहायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. चाकं टेकली, आकडा लोखंडावर घासत गेला, ठिणग्यांची एक लांब रेघ उमटली, पण तार एकही नाही. इंजिनाचा आवाज मात्र कमी झालाच नाही. विमान डाव्या कडेवरून निघून गेलं, क्षणभर कडेखाली दिसेनासं झालं आणि मग वर चढताना दिसलं. नाकाडाशी दुसरी विमानं उभी होती, त्यांच्याजवळ आमचीच पोरं दोर बांधत होती. कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या फेरीत दुसरी तार मिळाली.

सरळ डेक असता तर ती पोरं त्या विमानाच्या वाटेत होती.

सागरिका_म
काका, अंगावर काटा आला. ओवीला दोनदा वाचून दाखवलं. ती रेघ कोणती, हे ती विचारतेय.

मांडवी
दर्यावर्दीकाका, सलाम! मी वास्कोत वाढले. दाबोळीची धावपट्टी नौदलाचीच, त्यामुळे सी हॅरियर विमानांच्या आवाजानं शाळेत बाईंचं शिकवणं थांबायचं ही नित्याची गोष्ट. आता तिथे आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर जमिनीवरच जहाजासारखी स्की-जंप (पुढे वर उचललेली उड्डाणाची पट्टी) आणि अडवायच्या तारा केल्यात. नौदलाचं तेजस २०१९ सालच्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा तारेवर उतरलं ते तिथेच. मग ११ जानेवारी २०२०ला विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर. वैमानिक होते कमोडोर जयदीप मावळणकर. बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालयही ओवीला जरूर दाखवा, सी हॉक आणि अलिझे दोन्ही हात लावण्याइतक्या अंतरावर उभी आहेत.

उलटतपासणी
सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. तिरक्या डेकला जरा जास्तच मोठं केलं जातंय असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पहिलं, जड जेट उडवायचा प्रश्न वाफेच्या कॅटापल्टनं सोडवला, डेकनं नाही. दुसरं, ब्रिटिशांच्याच नव्या क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या नौकांवर तिरका डेक नाही. शोध लावणाऱ्यांनीच सोडून दिला! तिसरं, एकीकडे उतरणं आणि दुसरीकडे उड्डाण एकाच वेळी, हा फायदा नेहमी सांगतात. पण स्की-जंपच्या नौकेवर जड विमानाला लांब धाव लागते, आणि त्या धावेची सुरुवात उतरायच्या पट्टीतच येते. मग एकाच वेळी कसं जमणार?

यंत्रवेडा
तिसरा मुद्दा मान्य, आणि चांगला काढलात. आपल्या नौकांवर तो फायदा अर्धाच मिळतो. पण बोल्टरचा फायदा पुरा मिळतो, आणि माझ्या मते मूळ शोध तोच.

दुसऱ्याबद्दल असं की क्वीन एलिझाबेथवर एफ-३५बी उतरतं ते सरळ खाली. तारच नाही, तर तार चुकणार कशी? प्रश्न राहिला नाही म्हणून उत्तर काढून टाकलं. जिथे आकडा आणि तार आहे अशी तिरक्या डेकशिवायची एक तरी आजची नौका दाखवा. अमेरिकेची निमिट्झ नऊ अंशांची, फ्रान्सची शार्ल द गोल साडेआठ.

पहिल्याबद्दल, कॅटापल्टची थोरवी मी नाकारत नाही. पण कॅटापल्टला लोखंड, वाफ आणि बरीच वर्षं लागली. तिरक्या डेकची पहिली चाचणी रंगाच्या डब्यावर झाली! फेब्रुवारी १९५२मध्ये एचएमएस ट्रायम्फच्या डेकवर नुसती तिरकी रेघ आखली. तारा आणि जाळ्या जुन्या जागीच, सरळ डेकच्या. त्यामुळे वैमानिकांनी त्या रेघेवर नुसती चाकं टेकवायची आणि उडून जायचं. तेवढ्यावर खात्री पटली. अमेरिकनांनी आपल्या मिडवे या नौकेवर तशाच रेघा मारून बघितलं आणि त्याच वर्षी अँटिटम ही नौका गोदीत घेऊन खरा तिरका डेक बांधला. जानेवारी १९५३मध्ये तिच्यावर पहिलं विमान उतरलं. फॉरेस्टल तर बांधता बांधता आराखडा बदलून तिरकी केली. सुचल्यापासून सव्वाचार वर्षांत, १९५५ला, ती नौदलात होती. इतक्या लवकर पटलेली कल्पना क्वचितच असेल.

सागरिकाताई, तुम्ही लहानपणी विचारलेला "रंगवणाऱ्याचं चुकलं का" हा प्रश्न ट्रायम्फवरच्या खलाशांनीही विचारला असेल!

शमिका
सॅन दिएगोहून. मिडवे आता आमच्या इथे संग्रहालय आहे. आईबाबा आले की हमखास नेते. १९४५ला सरळ डेकची आली, १९५७च्या सुमारास तिरकी झाली आणि पुढे आणखी रुंद. डेकवर गेलात की डावीकडे पुढे आलेला भाग नुसत्या डोळ्यांनी कळतो, घराला नंतर गॅलरी काढावी तसा. बाबा त्या पट्टीच्या टोकाशी बराच वेळ उभे होते. म्हणाले, "एवढीशीच आहे गं." वरून फोटोत मोठी वाटते, पण तिथे उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो.

दुचाकीस्वार
अवांतर: जुन्या विक्रांतच्या पोलादातलं थोडं बजाजच्या व्ही या मोटरसायकलमध्ये गेलं. माझ्याकडे २०१६ची आहे, अजून चालवतो. पेट्रोल भरताना टाकीच्या झाकणाकडे हात गेला की दर्यावर्दीकाकांसारख्या माणसांची आठवण यायला आता कारण मिळालं.

दर्यावर्दी
दुचाकीस्वार, सांभाळा ती गाडी. जहाज मोडलं तेव्हा आम्ही जुने सोबती एकमेकांना फोन करून नुसते गप्प बसलो होतो.

कुंदा_काकू
मला तो "उतरायचा आरसा" कळला नाही.

यंत्रवेडा
काकू, तो तुम्हाला आवडेल. जेटच्या वेगापुढे फळ्या दाखवणाऱ्या माणसाची खूण अपुरी पडू लागली. निकोलस गुडहार्ट या अधिकाऱ्यानं टेबलावर मेकअपचा छोटा आरसा आणि लिपस्टिक उभी ठेवली आणि सेक्रेटरीला सांगितलं, हनुवटी टेबलाशी आणत चालत ये, पण लिपस्टिकचं टोक आरशाच्या मधोमध दिसत राहिलं पाहिजे. त्या बरोबर उताराच्या रेषेत खाली आल्या. जहाजावर लिपस्टिकच्या जागी दिवे. वैमानिकाला उजेडाचा ठिपका मध्ये दिसला की उतार बरोबर, वर-खाली दिसला की चूक.

उलटतपासणी
यंत्रवेडा, क्वीन एलिझाबेथचा मुद्दा मागे घेतो, तुमचं पटलं. पण एक अडचण कोणीच सांगितली नाही. जहाज पुढे चाललंय आणि पट्टी डावीकडे रोखलेली. म्हणजे पट्टीवर नेम धरून येणाऱ्या वैमानिकाच्या दृष्टीनं ती सतत उजवीकडे सरकणार. हिशेब केला. जहाज ३० नॉट, कोन ९ अंश, तर आडवं सरकणं सुमारे ४.७ नॉट, सेकंदाला जवळपास २.४ मीटर. शेवटच्या सोळा सेकंदांत पट्टी ३८ मीटर बाजूला गेलेली असते. ही किंमत लहान नाही.

दर्यावर्दी
शाबास. हे वैमानिकांकडून ऐकलंय. शेवटपर्यंत उजवीकडे थोडं थोडं सावरत यावं लागतं. त्यात मनोऱ्यामागे हवेचे भोवरे. वारा चांगला असला तर जहाजाची दिशा अशी धरतात की डेकवरचा वारा पट्टीच्या रेषेत यावा. वारा पडलेला असला की मात्र जहाजाच्या वेगाचाच वारा, तो नाकाडाकडून येणार. किंमत आहेच. पण ती वैमानिकाच्या सरावातून भरता येते. जाळीपलीकडच्या माणसांची किंमत कशानं भरणार?

शमिका
यावरून एडविन डनिंग आठवला. ऑगस्ट १९१७, स्कापा फ्लो. चालत्या जहाजावर, एचएमएस फ्युरियसवर, पहिल्यांदा विमान उतरवणारा. पाच दिवसांनी पुन्हा उतरताना विमान फार पुढे टेकलं. त्यानं पुन्हा उडून जायचा प्रयत्न केला, इंजिन ऐन वेळी बसलं, विमान कडेवरून पाण्यात गेलं आणि तो बुडाला. त्याला हवी होती ती दुसरी फेरीच ना?

चकली
शमिका, हे वाचून गप्पच झाले.

सागरिका_म
मंडळी, आज रविवार, त्यामुळे ओवीनं प्रयोग केला. तुम्हा सर्वांमुळे.

स्वयंपाकघरातले दोन पाट घेतले. एकावर खडूनं सरळ पट्टी, दुसऱ्यावर तिरकी. तारांसाठी शिवणाचा दोरा आडवा टाकला. दोरा खेचला जाऊन सुटत होता, तेव्हा तिला कुठेतरी वाचलेलं आठवलं की १९११मध्ये यूजीन इली पहिल्यांदा जहाजावर उतरला तेव्हा दोरांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. मग आम्ही रव्याच्या पुरचुंड्या बांधल्या. खेळण्यातल्या गाडीला मागे सेफ्टीपिनचा आकडा. पाटाच्या पुढच्या टोकाला इतर गाड्या ओळीनं उभ्या.

दहा वेळा सरळ पाटावर गाडी सोडली. चार वेळा आकडा दोऱ्यात अडकला. सहा वेळा पुढच्या गाड्यांत धडक. तिरक्या पाटावर आकडा तितकाच चुकला, पण गाडी डाव्या कडेवरून गादीवर पडत राहिली. ओळीतली एकही गाडी हलली नाही. मग उलटतपासणीदादांचा मुद्दा म्हणून मी पाट हळूहळू पुढे ओढत राहिले आणि ती मागून नेम धरत होती. पहिल्या पाच वेळा गाडी पट्टीच्या डावीकडेच गेली! सहाव्या वेळी तिनं आधीच उजवीकडे नेम धरला आणि आकडा बसला. तिची किंकाळी शेजारी ऐकू गेली.

मॉडेलवरची मधली पट्टी खरवडून काढली, तिरकी रंगवली. आता एकच प्रश्न राहिलाय: मनोरा उजवीकडेच का?

उलटतपासणी
ओवीला माझ्याकडून पैकीच्या पैकी. माझ्या हिशेबापेक्षा तिचा पाट भारी.

यंत्रवेडा
पंख्याच्या बऱ्याच विमानांत एकदम जोर दिला की नाक डावीकडे ओढलं जायचं, आणि वैमानिकांना वळायलाही डावीकडे सोपं जायचं. म्हणून डावी बाजू मोकळी आणि मनोरा उजवीकडे. जपानच्या अकागी आणि हिर्यू या दोघींचा मनोरा डावीकडे होता, पण ती चाल टिकली नाही. पुढे तिरका डेक डावीकडे बाहेर काढला, तेव्हा उजवीकडच्या मनोऱ्याच्या वजनानं तोल साधायला मदतच झाली.

दर्यावर्दी
ओवी बाळा, तू विचारलेली रेघ राहिली. उतरायच्या पट्टीच्या दोन्ही कडांना रेघ काढ, ठळक. विमान येताना सगळी माणसं तिच्याबाहेर. जमलं तर रेघेबाहेर एक माणूसही उभा कर.

सागरिका_म
काका, रेघ काढली, लाल. बाहेर काडेपेटीच्या काडीचा एक माणूस चिकटवलाय, पिवळ्या कागदाचं जाकीट घालून. ओवी म्हणते, ते मालवणचे आजोबा आहेत.